विषय: शनिवारी मुलांना घरी सोडायचं कोण? (पुन्हा)

मेधा, गुरुवार सकाळ

मंडळी,
या शनिवारी परत तोच घोळ होणार. आपली शिकवणी साडेचारला सुटते, पाचला अंधार. उत्तरेकडच्या आदिवासी गावांतून इथे थंडर बेला (कॅनडा) हायस्कूलला आलेली मुलं पाच आणि गाडी एक. मागच्या वेळी मी दोन फेऱ्या मारल्या, तोवर उरलेले तिघं हॉलच्या दाराशी उणे बावीसमध्ये उभे. हॉलवाल्याला पाचला कुलूप लावायचं होतं, त्याची काही चूक नाही.

पोलिसांचा व्हल्नरेबल सेक्टर चेक (मुलांबरोबर काम करणाऱ्यांची तपासणी) झालेले आपल्यात दोघंच, मी आणि श्रीकांत. श्रीकांत टोरांटोला. सप्टेंबरपासून फॉर्म भरा म्हणून कानीकपाळी ओरडतेय. कोणी भरलाय? हो किंवा नाही, एवढंच लिहा. निबंध नकोत.

विवेक (खजिनदार)

मेधाताई, नाही भरला, कबूल. पण नोव्हेंबरच्या पेट्रोलच्या पावत्या अजून आलेल्या नाहीत. नुसते किलोमीटर लिहून पाठवले तर मी हिशोबात काय दाखवू?

आणि एक सुचवतो. मुलं काही लहान नाहीत, चौदा-सोळाची आहेत. आमचा ओंकार सातवीपासून एकटा बसने हिंडतो. मंडळाने बसची तिकिटं काढून द्यावीत, विषय संपला.

सुलभा

विवेक, तुम्ही थंडर बेला २०१९ साली आलात म्हणून लिहिते, राग मानू नका. २००० ते २०११ या काळात उत्तरेकडच्या गावांतून इथे हायस्कूलला आलेली सात मुलं दगावली. त्यातली पाच पाण्यात सापडली. आपण मॉलला जाताना जी मॅकइंटायर नदी ओलांडतो ना, तिच्यात पण. ऑक्टोबर २०१५ पासून जून २०१६ पर्यंत त्या मृत्यूंची इन्क्वेस्ट (चौकशी) चालली, ज्युरीने १४५ शिफारशी केल्या. ही मुलं रस्त्याने चालत असली की जाणाऱ्या गाडीतून त्यांच्यावर काय काय फेकतात, ते एकदा त्यांच्याच तोंडून ऐका. ओंकारला विचारून काय उपयोग?

बसची तिकिटं शाळा देतेच. प्रश्न तिकिटाचा नाही.

आप्पा

सुलभाचं वाचून आठवलं. १९७४ साली मी पुण्याला शिकायला आलो. आई भोरहून एसटीच्या कंडक्टरकडे डबा द्यायची आणि मी स्वारगेटला ताटकळत उभा. कधी डबा यायचा, कधी कंडक्टरच बदललेला असायचा. मागच्या शनिवारी त्या उंच मुलाच्या पिशवीत घरून विमानाने आलेलं मूसचं (मोठ्या हरणाचं) मटण होतं, फॉइलमध्ये घट्ट गुंडाळलेलं. मला म्हणाला, घ्या थोडं. मी शाकाहारी, काय करणार!

पुढे जव्हारकडे आश्रमशाळेत दोन वर्षं शिकवलं. दिवाळीला घरी गेलेली निम्मी मुलं परतच यायची नाहीत. भात कापून झालं की आईबाप वीटभट्टीवर आणि मुलं त्यांच्या मागे. हजेरीत आम्ही लिहायचो "गैरहजर". इथे वसंतात गूज हंटला (रानहंसांच्या शिकारीला) मुलं गावी जातात तेव्हा हजेरीत काय लिहितात?

केतन

आप्पा, आदर ठेवून सांगतो, आश्रमशाळा आणि इथली आदिवासी मुलांसाठीची रेसिडेन्शियल स्कूल एका दमात नको. इथे पोरं आईबापांपासून तोडून नेली, स्वतःची भाषा बोलली म्हणून मारलं. शेवटच्या शाळा १९९० च्या दशकात बंद झाल्या, म्हणजे या मुलांच्या आज्या त्यातूनच आलेल्या. "शिकायला दूर पाठव" म्हटलं की त्या आजीला काय आठवत असेल?

शिवाय कीवेटिनूक इंटरनेट हायस्कूल आहे. गावातल्याच वर्गात बसून ऑनलाइन क्रेडिट (विषय पूर्ण केल्याची नोंद) मिळतात. मग इथे यायचंच कशाला?

आप्पा

केतन, रेसिडेन्शियल हा शब्द माझ्या मेलमध्ये दाखव.

अश्विनी

विषयांतराबद्दल माफी. आमच्या ईशाला हायस्कूलच्या डिप्लोमासाठी ४० तास कम्युनिटी सेवा हवी आहे. नववीचं गणित तिचं पक्कं आहे, शनिवारी ती शिकवू शकेल. फॉर्मवर सही कोण करतं?

मेधा

कितीजणांनी हो/नाही लिहिलं? एकाने.

केतन, एक मुलगी तिथूनच चार क्रेडिट घेऊन आलीय, छान शिकलीय. पण बाकीच्यांना वर्कशॉप हवं, हॉकी हवी, बरोबरीची मुलं हवीत. ऑनलाइन सोडलं तर गावात आठवी-नववीपुढे वर्ग नाही, आणि बर्फावरचा रस्ता सोडला तर बाहेर पडायला विमानच. यायचं की नाही ते त्यांनी ठरवलंय, आपण नाही.

अश्विनी, सोळा वर्षांची ईशा सोळा वर्षांच्या मुलाला शिकवणार? त्याला कसं वाटेल? आणि तेच ४० तास त्यालाही लागतात, हे कोणाच्या डोक्यात आलं का? ३० क्रेडिट झाले, लिटरसी टेस्ट झाली, तरी तास भरले नाहीत तर डिप्लोमा नाही. त्याचे बाराच झालेत. शरदात घरी मयत झालं म्हणून तीन आठवडे गावी होता, तेव्हा एक क्रेडिटही गेलं. संक्रांतीला हॉल लावायला त्याला बोलावलंय, सही अध्यक्षांनी करायची. ईशाने त्याच्याबरोबर खुर्च्या मांडाव्यात, तिलाही तास मिळतील.

शिकवणीचं म्हणाल तर गुणोत्तरावर हाच मुलगा अर्धा तास मान खाली घालून बसला होता. मग बोटीच्या मोटरचा विषय निघाला. पेट्रोलमध्ये ऑइल किती घालतोस? म्हणाला, पन्नासाला एक. वीस लिटरला किती? "चारशे मिली," ताबडतोब, पेन न उचलता. मग वहीतली चार गणितं त्याने स्वतः सोडवली. मी तोवर पोहे खाल्ले. मुलं पोह्यांवरची शेव तेवढी उचलतात, पोहे तसेच. त्यामुळे पोहे कमी आणि शेव जास्त आणा. हे सुलभासाठी.

सुलभा

मागच्या वेळी कमी पडले म्हणून तूच ओरडली होतीस.

विवेक

इन्क्वेस्टबद्दल खरंच माहीत नव्हतं. काल रात्री बसून वाचलं. ओंकारलाही वाचायला दिलं.

फॉर्म भरला, तीन आठवडे लागतील म्हणतात. तोवर माझी व्हॅन घ्या, सात जण बसतात. चेक झालेलं माणूस गाडीत असलं तर चालेल का, शाळेला कोणी विचारेल का? पावत्या मीच ठेवतो.

मेधा

विचारलं, चालेल म्हणाले. मी पुढे बसेन. रात्री ब्लॉक हीटर (इंजिन गरम ठेवणारा) लावून ठेव, गेल्या डिसेंबरसारखं ढकलायला लावू नकोस.

अश्विनी

ईशा खुर्च्यांना तयार आहे. अध्यक्ष सध्या भारतात आहेत ना? मग सही कोणाची?

श्रीकांत (टोरांटोहून)

सगळ्या मेल आत्ता वाचल्या. हॉलची चावी माझ्याच खिशात आली आहे.