होम्सचं जग बदललं की होम्स हरवतो, असं माझी नात म्हणते. काय करू?

ब्रेकव्हॅन_भुसावळ | सोमवार, रात्री १०.४०

मंडळी, नमस्कार. मी मालगाडीचा निवृत्त गार्ड. (२०२२ पासून आमच्या जागेला ट्रेन मॅनेजर म्हणतात. मी त्याआधीच सुटलो, त्यामुळे मी गार्डच.) मुक्काम भुसावळ. नात पुण्यात, आठवीत. रोज रात्री साडेनऊला व्हिडिओ कॉल आणि त्यात एक गोष्ट, हा आमचा टाइमटेबल आहे आणि तो रेल्वेपेक्षा बरा पाळला जातो.

सध्या तिला शेरलॉक होम्सचं वेड लागलंय. अट तिचीच : आबा, होम्स तोच, पण दर वेळी जग दुसरं पाहिजे. एका जगात तो लंडनचा, दुसऱ्यात आपल्याकडचा, तिसऱ्यात आणखी कुठला. या पोरांना ही अनेक विश्वांची भानगड पाठ असते. मला म्हटलं तर जमेल, म्हटलं तर नाही.

पहिलं विश्व जमलं. मूळ कथांत होम्स १८९१ साली स्वित्झर्लंडच्या रायशेनबाख धबधब्यात गेला असं सगळे समजतात आणि तो तीन वर्षांनी परत येतो. मधली दोन वर्षं तिबेटात होतो, सिगरसन नावाचा नॉर्वेजियन बनून, असं तो वॉटसनला सांगतो. कोणत्या गाडीने गेला ते सांगत नाही. मी म्हटलं, मुंबईला उतरला असेल तर कलकत्त्याची लाइन जबलपूरवरून, १८७० पासूनची. म्हणजे भुसावळ चुकणार कसं? माझा होम्स भुसावळच्या फलाटावर पाय मोकळे करायला उतरतो, समोरून मालगाडी जाते, आणि तो नुसत्या वासावरून स्टेशनमास्तरला सांगतो की मागून सातव्या वाघिणीचा ॲक्सल तापलाय, पुढे सोडू नका. स्टेशनमास्तर हसतो. गाडी दुसखेड्याला उभी राहते.

हे मला सांगता आलं, कारण हे मी केलंय. वळण आलं की गार्डाने मान बाहेर काढून अख्खी गाडी बघायची असते. दिवसा धूर दिसतो, रात्री लाल ठिपका, आणि दोन्ही दिसायच्या आधी जळक्या तेलाचा वास येतो.

वॉटसनलाही मी याच लाइनवरून आणलं. अफगाणिस्तानात जखमी, पेशावरच्या इस्पितळात विषमज्वर, मग बोटीने इंग्लंड. परतणाऱ्या गोऱ्या शिपायांना बोट येईपर्यंत देवळालीच्या छावणीत ठेवत. म्हणजे माझ्या गोष्टीत तोही भुसावळवरूनच गेला, ताप अंगात, खिडकीला डोकं टेकून. नात खूश.

दुसऱ्या विश्वात गाडी घसरली. होम्स धुळ्यातच जन्मलेला. बेकर स्ट्रीटच्या २२१ बी ऐवजी गल्ली नंबर चार. धुळ्याच्या गल्ल्यांना नंबरच आहेत, याहून चांगला पत्ता कुठला? बग्गीऐवजी टांगा. व्हायोलिनऐवजी बुलबुलतरंग. मूळ होम्सने १४० प्रकारच्या तंबाखूंच्या राखेवर प्रबंध लिहिलाय, तो मी तसाच ठेवला. रात्रीची वेळ, दाट धुकं, गल्लीत पावलांचा आवाज...

नात म्हणाली, "आबा, धुळ्यात धुकं कुठून आलं? आणि आत्ताच तर म्हणालात की मे महिना आहे."

पुढे म्हणाली, "हा होम्स नाही. गॅदरिंगमध्ये कोणीतरी होम्स झालंय."

लागलं हो. तिसऱ्या विश्वात मी होम्सला धबधब्यात खरंच बुडवला आणि वॉटसनला एकटा ठेवला. त्यावर "मग गोष्ट कशाला?" एवढंच.

तर प्रश्न असा. जग बदलायचं म्हणजे नेमकं काय बदलायचं आणि काय ठेवायचं? शनिवारी चौथी गोष्ट द्यायचीय. निंभोऱ्याकडची केळीची बाग, रात्रीतून कोणीतरी दोनशे खोडं कापून टाकलीत. पेपरात असतं तसं, "अज्ञात माथेफिरूने". इथपर्यंत आलोय. पुढचा सिग्नल लाल.

गल्लीनंबरचार | सोमवार, रात्री ११.०५

मे महिनामा धुयामा धुकं नही ऱ्हास भो, धूळ ऱ्हास! नात बरोबर शे.

आणि आबा, चौथ्या गल्लीत होम्स राहिला तर त्याला काम काय? कोण कोणाकडे कधी आलं, किती वेळ बसलं, जाताना पिशवीत काय होतं, हे समोरच्या ओट्यावरच्या आजीला आधीच माहीत असतं. तिलाच होम्स करा. वॉटसन म्हणून सून.

ठिपकेदार_पट्टा | मंगळवार, सकाळी ७.१५

काका, टोपी-पाइपची काळजी सोडा, ती मुळात दुसऱ्यांनी दिलेली. शिकारी टोपी चित्रकार सिडनी पॅजेटने चढवली, मूळ लेखक डॉईलच्या मजकुरात फार तर कानझाकणी असलेली प्रवासाची टोपी आहे. तो वाकडा पाइप विल्यम जिलेट या नटाबरोबर रंगमंचावरून आला. "एलिमेंटरी, माय डियर वॉटसन" हे वाक्य ४ कादंबऱ्या आणि ५६ कथांत जसंच्या तसं एकदाही नाही. म्हणजे आपण ज्याला अस्सल होम्स म्हणतो तोच दोन-तीन विश्वांची खिचडी आहे.

आणि डॉईलच्या स्वतःच्या विश्वाला तरी कुठे सांधा नीट बसलाय? १८८७ च्या पहिल्या कादंबरीत वॉटसनला गोळी खांद्यात लागली, १८९० च्या दुसऱ्या कादंबरीत पायात. त्याचं नाव जॉन, बायको एका कथेत त्याला जेम्स म्हणते. होम्सचा वैरी मोरिआर्टी, त्याचं नाव वॉटसनने १८९३ च्या कथेत आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं, आणि पुढे छापलेल्या पण त्याआधी घडणाऱ्या कादंबरीत ते त्याला चांगलं ठाऊक आहे. किमान दोन वॉटसन आहेत बघा.

मी अमळनेरचा. ज्या कथेवरून मी इथलं नाव घेतलंय ती तर आपल्याला जास्तच लागू. तिच्यातला डॉक्टर कलकत्त्याहून परतलेला, त्याच्या आवारात भारतातून मागवलेला बबून फिरतो. बबून आफ्रिकेत असतात, अरबस्तानात असतात, आपल्याकडे नाहीत. साप म्हणे "भारतातला सर्वांत जहाल, दलदलीतला". असा साप इथे कोणी पाहिलेला नाही. तो बशीतलं दूध पितो, शिटी ऐकून परत येतो, दोरीवरून चढतो-उतरतो. एखाद्या सर्पमित्राला वाचून दाखवा, चहा नाकातून येईल त्याच्या. म्हणजे डॉईलचा भारत हेच एक वेगळं विश्व आणि आपण त्यात राहत नाही. तुम्ही धुळ्यात धुकं सोडलंत, त्याने इंग्लंडात भारतीय बबून सोडला. फिटंफाट.

पण तरी ती कथा वाचताना अंगावर काटा येतो. का? जमिनीला खिळे ठोकून बसवलेला पलंग. कुठल्याच घंटेला न जोडलेली घंटेची दोरी. बाहेर न उघडता शेजारच्या खोलीत उघडणारा झरोका. तिन्ही गोष्टी उलगडा होण्याआधीच आपल्यासमोर ठेवलेल्या असतात, आणि आपण नुसते बघत बसतो. बबून काढून टाका, कथेचं काही बिघडत नाही. पलंगाचे खिळे काढा, संपली.

नव्या विश्वांत जे टिकले त्यांनी एवढंच केलं. १९४२ पासूनच्या हॉलिवूडपटांत तो नाझींच्या मागावर आहे. २०१२ च्या अमेरिकन मालिकेत न्यूयॉर्कला, आणि वॉटसन बाई आहे. २०१० च्या ब्रिटिश मालिकेत हातात मोबाइल, आणि तिथेही वॉटसन अफगाणिस्तानातूनच जखमी होऊन आलाय. १८८० च्या लढाईच्या जागी तिथेच नवं युद्ध उभं होतं, बदलायचं कामच पडलं नाही.

तुमच्या बागेत पलंगाचे खिळे कोणते? आणि जमलं तर न भुंकलेला कुत्राही शोधा. होम्सच्या दुसऱ्या एका कथेत शर्यतीचा घोडा रात्री तबेल्यातून बाहेर काढला आणि राखणीचा कुत्रा भुंकला नाही, म्हणजे नेणारा ओळखीचा. केळीत कुत्रा कोण?

पिलबाग | मंगळवार, दुपारी २.२०

गार्डकाका, मी निंभोऱ्याजवळचीच. तुमचे केळीचे रॅक, म्हणजे मालगाड्या, आम्हीच भरून दिलेत. केळीचं मी सांगते.

पहिली गोष्ट, वेळ. न निसवलेलं, म्हणजे घड न आलेलं, खोड आडवं कापलं की बाहेरची सोपटं तिथल्या तिथे थांबतात, पण मधला पोंगा, म्हणजे गुंडाळलेलं नवं पान, वर येतच राहतो. त्याला कापलंय हे कळतच नाही जणू. आम्ही पिलं (बुंध्याशी फुटणारे कोंब) कापतो तेव्हा रोज बघतो : संध्याकाळी सपाट कापलेलं पील सकाळी मधून बोटभर वर आलेलं असतं, मेणबत्तीसारखं. उन्हाळा, पाणी, खोडाची जाडी यांवर कमी-जास्त. तुमच्या होम्सने काय करावं? त्याच बागेत स्वतः एक खोड कापावं, तासातासाला मोजावं, आणि त्यावरून मागे हिशोब करावा की दोनशे खोडं किती वाजता पडली. निसवलेल्या झाडात मात्र मधे घडाचा दांडा असतो, तो असा वर येत नाही. अर्धवट माहितीचा माणूस तिथे फसेल. पंचनाम्यात नुसती खोडं मोजतात, पोंगा कोणी मोजत नाही.

दुसरी, चीक. अंगावर उडतो तेव्हा पाण्यासारखा, कळतही नाही. वाळला की तपकिरी, आणि कपडा धुतला की काळा, तो जन्मात जात नाही. म्हणून बागेचे कपडे वेगळे ठेवायचे. चोराने रात्री अंगावर पाणी घेतलं, सदरा धुतला, आणि धुतल्यामुळेच सापडला.

तिसरी, घाव. खोडावरचा उतार बघून कापणारा डावखुरा की उजवा हे सांगता येतं. पण आधी तो कुठल्या बाजूला उभा होता ते कळायला हवं, नाहीतर उलटं उत्तर येतं. कथेत लोक हे विसरतात.

आणि न भुंकलेला कुत्रा म्हणजे पाण्याच्या मोटरचा ऑटो. शेतीची लाइन, म्हणजे वीज, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीच्या पाळीला जागणार कोण? स्टार्टरला ऑटो लावून माणूस झोपतो, लाइन आली की मोटर आपोआप सुरू. त्या रात्री लाइन आली आणि मोटर सुरू झाली नाही. सकाळी ठिबकखाली माती कोरडी. कारण ओल्या मातीत पावलं उमटली असती! ऑटो बंद करणाऱ्याला पेटी कुठे आहे, तिची किल्ली कुठल्या खिळ्याला असते, सगळं माहीत होतं.

माझ्या चुलतसासऱ्यांच्या बागेत असं झालं होतं. खोडं कापली ती खरीच. कोणी, ते शेवटपर्यंत कळलं नाही. जेव्हा अंदाज आला तेव्हा बोलायची सोय नव्हती, घरातलं होतं. तुमच्या होम्सला तरी बोलू द्या.

तळोदे_सातपुडा | मंगळवार, रात्री ९.३०

पावलांवरून आठवलं. होम्सने पाऊलखुणांवर प्रबंध लिहिला, प्लास्टर ऑफ पॅरिसने ठसा कसा जपायचा त्यावर. आमच्याकडे जुने माग काढणारे ठशावर टोपली पालथी घालत. वारा, ढोरं, कोंबड्या, कशानेच बिघडत नाही, आणि टोपली घरात असतेच. गावच्या जागल्याचं कामच ते होतं. माग शिवेपर्यंत न्यायचा, तिथे शेजारच्या गावाच्या हवाली करायचा, मग पुढचं उत्तर त्या गावाने द्यायचं. पुष्कळ ठिकाणी जागले भिल्लच असत. इंग्रजांनी १८२५ मध्ये खानदेशात भिल्ल पलटण उभी केली, तीसुद्धा याच माणसांची, जंगल वाचणाऱ्यांची.

तेव्हा काका, एक विश्व १८२० च्या आसपासचं करा. होम्स जागल्या. फक्त त्याला लिहिता येणारा वॉटसन मिळाला नाही.

ब्रेकव्हॅन_भुसावळ | रविवार, सकाळी ८.५०

मंडळी, गोष्ट झाली.

पिलबागताई, तुमचं ऐकून मी शुक्रवारी संध्याकाळीच निंभोऱ्याला चुलतभावाकडे गेलो. या वयात परीक्षेला बसल्यासारखं वाटलं. ओळीतलं एक पील कापलं, साडेपाच वाजता. भावाने विचारलं, हे काय चाललंय? म्हटलं, तपास. त्याने वहिनीकडे पाहिलं. रात्री शेवभाजी, कळण्याची भाकरी, आणि दर दोन तासांनी बॅटरी घेऊन बागेत. गार्डाला रात्रपाळीची सवय असते. पहाटे साडेपाचला पोंगा दोन बोटं वर, पांढरट हिरवा, टोकाला पाण्याचा एक थेंब. मी बराच वेळ बघत उभा राहिलो. इतकी वर्षं केळी वाहिली, हे कधी पाहिलं नव्हतं.

फोटो नातीला पाठवला. खाली लिहिलं की तुझ्या निंभोऱ्याच्या आजोबांनी पील कापलं, मी फक्त मोजलं. उगाच. गोष्टीत आपण तटस्थ दिसावं म्हणून.

शनिवारी गोष्ट सांगितली. टोपी नाही, पाइप नाही, धुकं नाही. होम्स म्हणजे केळीच्या गाडीवर हिशोब लिहिणारा एक सडपातळ माणूस, कोणाशी फार न बोलणारा. पोंगा झाला, ऑटो झाला. नात मधे एकदाही बोलली नाही. सदरा धुण्यापर्यंत आलो आणि ती म्हणाली,

"आबा, थांबा. पील निंभोऱ्याच्या आजोबांनी नाही कापलं."

म्हटलं, कशावरून?

"फोटोत चपलांचे ठसे खोडाच्या अलीकडे आहेत, तुम्ही फोटो काढला त्याच बाजूला. म्हणजे कापणारा इथेच उभा होता. आणि घाव डावीकडून उजवीकडे उतरलाय. आजोबा उजव्या हाताने कापतात, मी दिवाळीत बघितलंय. तुम्ही डावखुरे."

मी म्हटलं, एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही.

"बरोबर," ती म्हणाली. "डावी बाही कॅमेऱ्यासमोर धरा."

सदरा तोच होता. सकाळी वहिनीने धुऊन दिलेला.