अँबेसिडरच्या दारांची रेघ जुळत नाही: बिजागरीला पॅकिंग द्यावे की सिल पुन्हा उघडावी?

खानापूरकर

नमस्कार मंडळी. मी १९७७ सालची मार्क थ्री अँबेसिडर घेतली असून सध्या तिच्या बॉडीचे काम सुरू आहे. आमच्या भागातल्या पावसाने तिच्या उजव्या बाजूची सिल (दारांखालची पत्र्याची लांब पेटी) पार खाल्ली होती आणि आधीच्या मालकांनी ती एका गॅरेजमधून बदलून घेतली होती. वेल्डिंग दिसायला स्वच्छ आहे, परंतु त्या बाजूची दारे जागेवर बसत नाहीत. ड्रायव्हरच्या दाराची मागची कड आणि मागचे दार यांच्यामधली फट वरच्या टोकाला जेमतेम २ मिमी आहे आणि खाली ती ९ मिमीपर्यंत रुंदावते. खिडकीखालची रेघ पुढच्या दारावर मागच्या दारापेक्षा सुमारे ५ मिमी खाली येते, आणि लॉक लागण्यासाठी दार किंचित उचलून ओढावे लागते.

आमच्या डेंटरचे म्हणणे असे की खालच्या बिजागरीला पॅकिंग देऊ आणि उरलेला फरक पुटीने भरून लाईन काढू. रंगाचे काम पावसाआधी उरकायचे आहे, त्यामुळे हा सल्ला सोयीचा आहे खरा, पण मन मानत नाही. पॅकिंगने एवढा फरक निघू शकतो का, आणि दारे, मडगार्ड व बोनेट यांपैकी कोणत्या भागापासून सुरुवात करावी, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

निपाणीकर

खानापूरकर साहेब, पॅकिंगबद्दल आधी सांगतो, कारण ते नेमके काय करते हे समजल्याशिवाय हो किंवा नाही म्हणता येणार नाही. खालची बिजागरी आणि खांब यांच्यामध्ये पत्र्याची चकती घातली की दाराचा खालचा पुढचा कोपरा मागे ढकलला जातो, वरची बिजागरी मात्र जागेवर राहते, आणि त्यामुळे दार फिरून त्याची मागची कड वर उचलली जाते. किती उचलली जाईल, हे दाराची लांबी आणि दोन बिजागऱ्यांमधले अंतर यांच्या प्रमाणावर ठरते. समजा बिजागऱ्यांमध्ये ४० सेंमी अंतर आहे आणि दार ९० सेंमी लांब आहे, तर १ मिमीच्या चकतीने मागची कड सव्वादोन मिमी उचलली जाईल. म्हणजे तुमचे ५ मिमी काढण्यासाठी २ मिमीपेक्षा थोडे जास्त पॅकिंग लागेल आणि हिशेबाने ते शक्य आहे.

परंतु त्याच चकतीने दाराचा खालचा भाग मागे सरकतो आणि पुढच्या मडगार्डाजवळची खालची फट तेवढीच वाढते. मडगार्ड बोल्टवर बसत असल्यामुळे ते थोडे मागे घेता येईल, मग बोनेट हलवावे लागेल, आणि एका खांबाची चूक गाडीच्या नाकापर्यंत पोहोचेल. म्हणून पॅकिंग हा शेवटच्या एक-दोन मिलिमीटरांचा उपाय आहे असे मी मानतो.

उद्यमबाग वर्कशॉप

निपाणीकरांचा हिशेब बरोबर आहे, पण माझ्या मते दोष दारात नसून दाराच्या चौकटीत आहे. अँबेसिडर ही मॉरिस ऑक्सफर्ड सिरीज थ्रीवरून आलेली गाडी आहे. तिला वेगळी चॅसी नाही, बॉडीच सगळा भार पेलते आणि त्या भाराचा मोठा वाटा दारांखालच्या सिलवर असतो. पुढची व मागची बाजू टेकवून, मध्ये आधार न देता आणि दाराच्या चौकटीत आडवे पाइप न बांधता सिल कापली, तर गाडी मध्यभागी खाली बसते. मधला खांब उतरतो, चौकट वरून आवळते आणि खालून फाकते. वर २ आणि खाली ९ ही तुमची फट हेच सांगते.

तरीही खात्री केल्याशिवाय कापाकापी करू नये. दार अर्धे उघडून मागच्या टोकाला दोन्ही हातांनी वर उचला आणि सहकाऱ्याला बिजागरीच्या पिनेवर बोट ठेवायला सांगा. पिनेत खेळ असेल तर बोटाला लगेच कळतो, आणि तसे असल्यास आधी पिना व बुश बदलावेत. त्यानंतर गाडी सपाट फरशीवर चारही चाकांवर उभी करून थोड्या अंतरावरून खिडक्यांखालची रेघ पाहा. फक्त पुढच्या दाराची मागची कड पडली असेल तर बिजागरीचा संशय घ्यावा, पण दोन्ही दारे मधल्या खांबाकडे उतरत असतील तर बॉडी बसली आहे. शेवटी दाराच्या चौकटीचे दोन्ही कर्ण मोजा आणि डाव्या बाजूशी ताडून पाहा. टेप वाकतो, म्हणून दोन सळया एकमेकींवर सरकवून, क्लॅम्पने घट्ट करून माप घेतलेले बरे.

खानापूरकर

सविस्तर उत्तरांबद्दल आभारी आहे. पिनेत खेळ नाही. डाव्या बाजूची रेघ सरळ आहे, उजव्या बाजूची दोन्ही दारे मात्र मधल्या खांबाकडे उतरतात, आणि पुढच्या वरच्या कोपऱ्यापासून मागच्या खालच्या कोपऱ्यापर्यंतचा कर्ण डाव्यापेक्षा ७ मिमीने जास्त भरला. सिल उघडावी लागणार हे आता पटले आहे. मात्र ती पुन्हा कापताना गाडी आणखी बसू नये यासाठी काय करावे?

उद्यमबाग वर्कशॉप

कापण्याआधी पुढच्या खांबापासून मधल्या खांबापर्यंत आणि तिथून मागच्या खांबापर्यंत चौकोनी पाइपचे आडवे आधार बसवा, आणि त्यांपैकी निदान एकात दोन्ही टोकांना उलटसुलट आट्यांचा टर्नबकल ठेवा, म्हणजे चौकट हवी तितकी फाकवता किंवा आवळता येईल. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतला कोणताही टर्नर असा तुकडा करून देईल. आधार आतल्या बाजूने बसवावेत, कारण काम संपेपर्यंत दारे लावता आणि काढता आली पाहिजेत.

मग मधल्या खांबाच्या पायथ्याशी सिलचे वेल्डिंगचे टाके ड्रिलने सोडवा, खांबाखाली जाड लाकडी फळी ठेवून स्क्रू जॅक लावा आणि दारे लावलेली ठेवूनच हळूहळू उचला. हायड्रॉलिक जॅक एकदम उचलतो आणि रात्रीतून खालीही बसतो, म्हणून मी स्क्रू जॅकच वापरतो. कर्ण डाव्या बाजूइतका आला आणि फट वरखाली सारखी झाली की थांबा. इंजिन व काचा काढलेल्या असतील तर तेवढे वजन गाडीत ठेवावे, अन्यथा ती सजवून रस्त्यावर आणल्यावर पुन्हा दार घासेल. वेल्डिंग सीओटूचे (कार्बन डायऑक्साइड वायूच्या आवरणात तारेने केलेले) करावे, एका जागी लहान टाका, मग लांबच्या जागी दुसरा, कारण टाका थंड होताना पत्रा आवळतो आणि सलग शिवण मारली तर सिल आखडून खांबाला ओढते. मधूनमधून दार लावून पाहिल्याशिवाय पुढचा टाका मारू नये.

कारवारकर

चौकट सरळ झाल्यावर सुरुवात कुठून करावी, हा तुमचा मूळ प्रश्न अजून शिल्लक आहे. मागचे मडगार्ड बॉडीला पक्के असल्यामुळे तेच प्रमाण धरावे. मागचे दार त्याच्याशी जुळवा, मग पुढचे दार मागच्या दाराशी, त्यानंतर पुढचे मडगार्ड पुढच्या दाराशी आणि सर्वांत शेवटी बोनेट. हा क्रम उलटा केला तर साचलेला सगळा फरक मागे येतो, जिथे हलवण्यासारखे काहीच नसते. हे करताना दाराचे रबर आणि खांबावरची लॉक प्लेट काढून ठेवा. प्लेट जागेवर असेल तर ती दाराला आपल्याकडे ओढून घेते आणि बिजागरी चुकीची असूनही दार बरोबर बसल्यासारखे वाटते.

दाराची खालची कड बाहेर आणि वरची आत असेल, तर दारालाच पीळ आहे असे समजावे. अशा वेळी लॉकच्या बाजूला वरच्या कोपऱ्यात खांब व दार यांच्यामध्ये लाकडी ठोकळा धरून खालचा कोपरा गुडघ्याने बेताने दाबतात. जुन्या जाड पत्र्याची दारे हे सहन करतात, पण जोर थोडाथोडा द्यावा आणि प्रत्येक दाबानंतर पाहावे.

पुटीने फट भरण्याच्या सल्ल्याला माझा स्पष्ट विरोध आहे. दाराच्या कडेवर जाड पुटी टिकत नाही. रोजच्या आपटण्याने ती तडकते, तडीतून पाणी शिरते आणि आपल्याकडच्या दमट हवेत आतून गंज सुरू होतो. फट कुठे जास्त राहिलीच, तर कडेवर वेल्डिंगचा बारीक थर चढवून कानसीने घासावा. उघड्या पत्र्यावर सगळीकडे सारखी ५ मिमीच्या आसपास फट ठेवली तर प्रायमर आणि रंगाचे थर दोन्ही कडांवर चढल्यावरही ती पुरेशी उरते. जुळणी झाल्यावर बिजागऱ्यांभोवती बारीक भोके पाडून खुणा करा, म्हणजे रंगासाठी दारे काढल्यावर ड्रिलची तीच पिन घालून ती नेमक्या जागी परत बसवता येतील. पाऊस आधी आला तर रंगाची घाई करू नये. इपॉक्सी प्रायमर मारून गाडी शेडमध्ये ठेवावी, आणि नव्या सिलच्या तळाला पाणी निघून जाण्याची भोके आहेत ना, हे त्याआधी पाहून घ्यावे.