बाजरीतले फायटेट तव्यावर पडण्यापूर्वी कमी करता येईल का?

नमस्कार. आम्ही मूळचे नगरकडचे असल्यामुळे उन्हाळ्याचे दोन-तीन महिने सोडले तर घरात दोन्ही वेळा बाजरीची भाकरी असते. सोळा वर्षांच्या मुलीच्या तपासणीत हिमोग्लोबिन १०.८ आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारे प्रथिन) ९ आले. डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या ती नियमित घेत आहे, त्यामुळे औषधाविषयी सल्ला नको. माझा प्रश्न ताटाविषयी आहे.

बाजरीत लोह भरपूर असते हे लहानपणापासून ऐकत आले, पण त्याच दाण्यातले फायटेट लोह आणि जस्त यांना बांधून ठेवते हे आता वाचनात आले. म्हणून बाजरी रात्रभर भिजवली, पाणी टाकून दिले, दोन दिवस वाळवली. तरी गिरणीवाल्यांनी ती ओलसर म्हणून परत पाठवली, आणि पुढच्या खेपेस दळून मिळालेल्या पिठाची भाकरी थापताना चिरत होती. एवढा खटाटोप करून फायटेट खरोखर किती कमी होते? भाकरी भाजताना उष्णतेने ते जात नाही का? आणि बाजरीच्या पिठात थोडी कणीक मिसळल्याने फायदा होतो, असे एका आहारतज्ज्ञ बाईंनी सांगितले, त्यामागचे कारण काय असावे?

प्रतिसाद

ताई, आधी उष्णतेचे पाहू, कारण गैरसमज तिथेच आहे. फायटेट म्हणजे इनॉसिटॉलच्या कड्याला जोडलेले सहा फॉस्फेट गट. दाणा आपला फॉस्फरस या रूपात साठवतो. घरगुती भाजण्या-शिजवण्याने ते फारसे मोडत नाही. उलट ते मोडणारे फायटेझ हे विकर (एन्झाइम) मात्र उष्णतेने निकामी होते. म्हणजे जे काही करायचे ते तव्याआधीच करायला हवे. आपल्या लहान आतड्यात हे विकर अगदीच थोडे असते. मोठ्या आतड्यातले जिवाणू फायटेट फोडतात खरे, पण लोह आणि जस्त शोषले जातात ते प्रामुख्याने लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात, त्यामुळे त्यांच्या दृष्टीने ते वरातीमागून घोडेच.

अख्खी बाजरी भिजवून फारसे साधत नाही, कारण बाजरी, ज्वारी आणि मका यांच्यात हे विकर मुळात कमी असते. मोड आणले तर ते वाढते. गहू आणि राय (गव्हासारखे एक धान्य) यांच्यात ते भरपूर असते, आणि कणीक मिसळण्याचे कारण हेच: गव्हाचे विकर बाजरीच्या फायटेटवर काम करते. कणीक कोंड्यासह हवी. मैद्याचा उपयोग नाही, कारण विकर मुख्यतः कोंड्याच्या थरात असते.

मात्र नुसती कणीक असून भागत नाही, त्याला ओलावा, थोडा आंबटपणा आणि वेळ द्यावा लागतो. आनंद प्रसाद या डॉक्टरांनी १९६१ मध्ये इराणमधल्या ज्या खुंटलेल्या वाढीच्या रुग्णांचे वर्णन केले, त्यांचा मुख्य आहार न आंबवलेली गव्हाची रोटी हाच होता, आणि पुढे त्यांच्या आजारामागे जस्ताची कमतरता असल्याचे स्पष्ट झाले. पिठात विकर होते, पण ते भाजण्यापूर्वी त्याला पुरेशी सवड मिळत नव्हती.

म्हणून भाकरीवर हा प्रयोग करू नये असे माझे मत आहे. पीठ तासन्‌तास भिजवून ठेवले की भाकरी नीट होत नाही, आणि विरी (चिकटपणा) गेलेल्या पिठाला आपण उकळते पाणी घालतो तेव्हा विकर तिथेच संपते. त्यापेक्षा बाजरीच्या पिठात दहावा हिस्सा कणीक घालून ते कोमट पाण्यात आणि थोड्या आंबट ताकात रात्रभर ठेवावे, आणि सकाळी त्याची आंबील किंवा घावन करावे. भाकरी आहे तशी राहू द्यावी. तिच्याबरोबर लिंबू पिळलेली कोशिंबीर किंवा पेरू असावा, कारण क जीवनसत्त्व फायटेट असतानाही लोह विरघळलेले ठेवते. जेवणाला लागून चहा मात्र नको.

धागाकर्ती

सविस्तर उत्तराबद्दल मनापासून आभार. उकळत्या पाण्याचा मुद्दा माझ्या लक्षातच आला नव्हता. आमच्याकडे तर ताज्या पिठालाही सवयीने तेच घालतात. आज रात्री आंबिलीचे पीठ भिजवते. एकच शंका राहिली: ताकातल्या कॅल्शियममुळे पुन्हा लोहालाच अडथळा होणार नाही ना?

प्रतिसाद

थोडा होतो. म्हणून ताक विरजणापुरतेच, दोन-तीन चमचे घाला आणि बाकी पाणी. आंबटपणा रात्रीतून आपोआप वाढतो. लोहाची गोळी मात्र आंबिलीबरोबर न देता वेगळ्या वेळी द्यावी.