विषय: ट्रॅकसाठी एमएक्स-५ घ्यावी की जीआर८६?

प्रेषक: नवा सभासद

नमस्कार मंडळी,

आपल्यातले काही जण ट्रॅक डेला (स्वतःची गाडी रेसिंग ट्रॅकवर चालवायच्या दिवसाला) नियमित जातात असं कळलं, म्हणून विचारतो. वर्षभर रोजच्या वापरातली गाडी ट्रॅकवर नेली. आता त्यासाठीच एक वेगळी घ्यायची आहे. माझदा एमएक्स-५ (एनडी म्हणजे चौथी पिढी, दोन लिटर) आणि टोयोटा जीआर८६, या दोघींत मन अडकलंय. मित्र म्हणतात, एमएक्स-५ घे आणि टर्बो (इंजिनात जादा हवा दाबून ताकद वाढवणारं यंत्र) बसव, मग ८६ जवळ फिरकणार नाही. माझी उंची सहा फूट दोन इंच आहे. अनुभवी मंडळींनी सांगावं.

---

प्रेषक: कोषाध्यक्ष काका

प्रिय मित्रा,

टर्बोचा विचार आत्ता बाजूला ठेव. आधी वजनाचं बोलू, कारण ट्रॅकवर पुढचं सगळं वजनावर ठरतं.

एमएक्स-५ साधारण १०६० किलोची आणि १८१ हॉर्सपॉवरची. जीआर८६ पावणेतेराशे किलोच्या आसपास, ताकद २२८. भागाकार करून पाहा: दर टनामागे एकीला १७१, दुसरीला १७९. म्हणजे सरळ रस्त्यावर दोघी जवळपास सारख्या. पण ब्रेकला आणि टायरला तुझे हॉर्सपॉवर कळत नाहीत, त्यांना फक्त किलो कळतात. ताशी १६० वरून ८० वर आलास की वेग निम्मा होतो, पण गतिज ऊर्जेचा पाऊण हिस्सा निघून जातो, आणि तो जवळजवळ सगळा ब्रेकच्या डिस्कमध्ये उष्णता होऊन शिरतो. चालक धरून एमएक्स-५ साठी ही ऊर्जा सुमारे ८५० किलोज्यूल होते. अडीच लिटर गार पाणी उकळायला लागते तेवढी, आणि ती दोन-अडीच सेकंदांत! ८६ मध्ये तोच आकडा हजारावर जातो. वीस मिनिटांच्या सेशनमध्ये असं किती वेळा होतं ते मोज, म्हणजे हलक्या गाडीचे ब्रेक पॅड आणि टायर जास्त का टिकतात ते लक्षात येईल.

आता माझ्यावर गुदरलेला प्रसंग सांगतो. माझ्या पहिल्या ट्रॅक गाडीतलं ब्रेक ऑइल दोन वर्षांचं झालं होतं. गाडी नुकतीच सर्व्हिस होऊन आलेली, मी विश्वासाने निघालो. चौथ्या लॅपला लांब सरळ पट्ट्याच्या शेवटी ब्रेक दाबला आणि पेडल थेट तळाला गेलं. दोनदा-तीनदा भराभर दाबल्यावर थोडा दाब आला, आणि वळणाबाहेर मोकळी जागा होती म्हणून वाचलो. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. डॉट ४ या प्रतीच्या ऑइलचा उकळबिंदू कोरडं असताना किमान २३० अंश असतो, ओल धरली की १५५ पर्यंत खाली येऊ शकतो. ऑइल उकळलं की लाइनमध्ये वाफ होते. वाफ दाबली जाते, द्रव दाबला जात नाही. म्हणून पेडल खाली जातं. त्या दिवसापासून दर हंगामाच्या सुरुवातीला मी स्वतः ब्लीडिंग करतो, म्हणजे लाइनमधलं जुनं ऑइल आणि हवेचे बुडबुडे बाहेर काढतो. ते दुसऱ्या कुणावर सोडत नाही.

म्हणून खर्चाचा क्रम असा ठेव: ताजं, जास्त उकळबिंदूचं ब्रेक ऑइल, ट्रॅकचे पॅड, चांगले टायर, मग व्हील अलाइनमेंट. पुढच्या चाकांना निगेटिव्ह कॅम्बर (चाकाची वरची बाजू किंचित आत झुकवणं) दिला नाहीस तर वळणात टायरची बाहेरची कड घासून जाईल आणि नवा टायर दोन-तीन दिवसांत वाया जाईल. एवढं झाल्यावर एक वर्ष गाडी चालव.

आणि टर्बोबद्दल. एमएक्स-५ च्या इंजिनाचं कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधलं मिश्रण किती पट दाबलं जातं ते, मुळात १३:१ असं जास्त आहे. त्यावर टर्बोचा दाब (बूस्ट) चढवला की नॉकिंगची, म्हणजे इंधन वेळेआधी भडकून इंजिनाला इजा होण्याची भीती, म्हणून ट्यूनिंग फार सांभाळून करावं लागतं. वर उष्णता वाढते, मग मोठा रेडिएटर, ऑइल कूलर. हलकी गाडी बघता बघता जड होते. एनडीच्या सुरुवातीच्या गाड्यांचा गिअरबॉक्स टर्बोशिवायही नाजूक ठरला होता, पुढे त्यात सुधारणा झाल्या. म्हणून माझं मत एमएक्स-५, आहे तशी.

---

प्रेषक: ग्रंथालय सांभाळणारी ताई

काका, वजनाचं अगदी पटलं. मी सात वर्षं पहिल्या पिढीची लोटस एलिस चालवते. नवी असताना ती जेमतेम सव्वासातशे किलोची होती. ॲल्युमिनियमच्या पट्ट्या इपॉक्सीने चिकटवून केलेली तिची चासी (गाडीचा सांगाडा) फक्त ६८ किलोची! पुढचं चाक कुठे टेकलंय ते स्टिअरिंगमधून हातात कळतं. पण पहिली गाडी म्हणून ती मी कुणालाच सुचवणार नाही. इंजिन मध्ये असल्याने भर वळणात घाबरून ॲक्सिलरेटर सोडलास की मागचा भाग झटकन सुटतो, आणि चासी वाकली तर ती सरळ करून घेणं सोपं नाही.

पण काका, याची उंची राहिली की. एमएक्स-५ उघड्या छताची. बऱ्याच ठिकाणी रोल बारशिवाय (गाडी उलटली तर डोकं वाचवणारी सीटमागची लोखंडी कमान) ट्रॅकवर सोडत नाहीत, आणि रोल बारपासून समोरच्या काचेच्या चौकटीपर्यंत सरळ काठी धरली तर हेल्मेट तिच्या खाली राहावं लागतं. सहा फूट दोन इंचांना ते अवघड आहे. दादा, घ्यायच्या आधी हेल्मेट घालून गाडीत बस आणि कुणाला तरी काठी धरायला सांग.

८६ घेतलीस तर एक लक्षात ठेव: नव्या २.४ लिटर इंजिनात लांब उजव्या वळणावर तेलाचा दाब पडतो असं ट्रॅकवर जाणाऱ्या अनेक मालकांनी नोंदलंय. चिकट टायर लावण्याआधी तेलाच्या दाबाचा आणि तापमानाचा मीटर बसव.

---

प्रेषक: कोषाध्यक्ष काका

ताईचं बरोबर आहे. मी पाच फूट सहा, त्यामुळे हा प्रश्न मला कधी पडलाच नाही. काठी टेकली तर माझं मत मागे घेतो.

---

प्रेषक: नवा सभासद

काका, ताई, मनापासून आभार. काल एका ओळखीच्यांच्या एमएक्स-५ मध्ये हेल्मेट घालून बसलो. त्यांनी काठी धरली, हेल्मेट चार बोटं वर राहिलं. मूळ सीट काढून आणखी खाली बसणारी पातळ सीट लावली तरी दोन बोटं वरच राहील, असं ते म्हणाले. मग ८६ मध्ये बसलो, छताखाली मूठभर जागा उरली. ८६ ठरली.

ब्रेक ऑइल आणि पॅड आजच मागवतो. काका, पहिलं ब्लीडिंग तुमच्यासोबत करायचं आहे. कोणत्या चाकापासून सुरुवात करायची?

---

प्रेषक: कोषाध्यक्ष काका

त्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये क्रम दिलेला असतो, तोच धरू. ते पान काढून ठेव. पारदर्शक नळी आणि बाटली माझ्याकडे आहे. पेडल दाबायला तू, ऑइल सोडायचा नट मी सांभाळतो.