जर्मनीत पिवळ्या डब्यात नेमके काय टाकायचे?

मुळाकाठ:
नमस्कार. चार महिन्यांपूर्वी आम्ही श्टुटगार्टजवळच्या एका गावात राहायला आलो. पुण्यात ओला आणि सुका कचरा वेगळा केला, रद्दी बाजूला ठेवली की आपले काम संपले असे वाटायचे, कारण पुढची खरी निवड कचरा नेणाऱ्या ताई करत असत. इथे इमारतीच्या मागे निळा, तपकिरी, काळा आणि पिवळा असे चार डबे आहेत. गेल्या आठवड्यात मी फुटलेली प्लास्टिकची बादली पिवळ्या डब्यात टाकली, तर गाडीवाल्यांनी तो डबा न उचलता त्यावर लाल चिठ्ठी चिकटवली, आणि खालच्या मजल्यावरच्या आजींनी अतिशय सभ्य पण थंड शब्दांत लिहिलेला कागद आमच्या पत्रपेटीत टाकला. बादली प्लास्टिकची असताना ती तिथे चुकीची कशी? शिवाय चहाचा चोथा, नारळाच्या करवंट्या, तळणीचे तेल आणि लोणच्याच्या बरण्या यांचे काय करावे, हेही कुणी सांगितल्यास बरे होईल.

उंबरठा:
आपली चूक इथे नव्याने आलेला जवळजवळ प्रत्येक जण करतो, कारण पिवळा डबा प्लास्टिकचा आहे अशी आपली समजूत होते. प्रत्यक्षात तो वेष्टनांचा आहे. 1991 साली जर्मनीने वेष्टनांविषयीचा नियम केला आणि वेष्टन गोळा करून त्यावर प्रक्रिया करण्याचा खर्च माल विकणाऱ्यांवर टाकला. बिस्किटाच्या पुड्याच्या किमतीत तो खर्च आधीच धरलेला असतो. बादली ही स्वतःच वस्तू असल्यामुळे तिच्यासाठी असे पैसे कुणी भरलेले नसतात. म्हणून दह्याच्या डब्याचे ॲल्युमिनियमचे झाकण, टोमॅटोचा पत्र्याचा डबा आणि कागदासारखे दिसणारे दुधाचे खोके प्लास्टिकचे नसूनही पिवळ्यात जातात आणि बादली मात्र जात नाही. ती काळ्या, म्हणजे उरलेल्या सामान्य कचऱ्याच्या, डब्यात टाकावी, किंवा मोठी असल्यास गावाच्या वेर्टश्टोफहोफवर, म्हणजे संकलन केंद्रावर, नेऊन द्यावी. बर्लिनमध्ये अशा वस्तूही वेष्टनांबरोबर चालतात, त्यामुळे तिकडच्या मित्राचा सल्ला आपल्या गावी लागू पडेलच असे नाही.

आजींच्या नाराजीचे कारणही समजून घ्यावे. न उचललेला डबा पुढे सामान्य कचरा म्हणून पैसे देऊन न्यावा लागतो आणि तो खर्च बहुधा नेबेनकोस्टनमध्ये, म्हणजे भाड्याबरोबरच्या इतर खर्चात, सर्व भाडेकरूंवर वाटला जातो.

ताकभात:
स्वयंपाकघराबाबत मी सांगते, कारण दहा वर्षांत सगळ्या चुका करून झाल्या आहेत. चहाचा चोथा, भाज्यांची साले आणि आंब्याच्या कोयी तपकिरी डब्यात जातात. पूजेची फुलेही तिथेच टाकावीत, मात्र हाराचा दोरा आणि जरीचे धागे आधी काढून घ्यावेत. उरलेला भात, रस्सा किंवा हाडे चालतात की नाही, हे प्रत्येक जिल्ह्यात वेगळे असते. करवंटी लवकर कुजत नसल्यामुळे तिच्याबाबतही तसेच आहे. जिल्हा कार्यालयाकडून दरवर्षी मिळणारे कचऱ्याचे वेळापत्रक नीट वाचावे, त्यात अशी यादी असते.

मुख्य पथ्य पिशवीचे आहे. कुजणारी म्हणून विकली जाणारी प्लास्टिकसारखी पिशवीसुद्धा अनेक ठिकाणी चालत नाही, कारण खतप्रकल्पात ती पुरेशी लवकर विरत नाही आणि यंत्राला ती साध्या पिशवीहून वेगळी ओळखता येत नाही. 1 मे 2025 पासून या कचऱ्यातील प्लास्टिकच्या प्रमाणावर मर्यादा आली असल्यामुळे तपासणीही कडक झाली आहे. मी आपल्याकडच्यासारखा वर्तमानपत्राचा पुडा करते. ओल पण शोषली जाते आणि डब्याला वासही कमी येतो. तळणीचे तेल मोरीत कधीही ओतू नये. थोडे असेल तर ते घट्ट झाकणाच्या जुन्या बाटलीत भरून काळ्या डब्यात टाकावे, आणि जास्त साठले तर केंद्रावर घेतात का ते विचारावे.

सांजवेळ:
बरण्यांबद्दल थोडी भर घालतो. लोणच्याची बरणी रस्त्यावरच्या काचेच्या टाकीत जाते आणि तिथे पांढरी, तपकिरी व हिरवी काच वेगळी टाकायची असते. निळी बाटली हिरव्यात जाते. पाणी प्यायचा फुटलेला पेला किंवा ओव्हनमधले काचेचे भांडे मात्र तिथे टाकू नये, कारण ती काच वेगळ्या तापमानाला वितळते. रविवारी आणि रात्री काच टाकण्यास मनाई असते, कारण आवाज होतो. हा नियम मोडल्यास पुन्हा चिठ्ठी येईल, याची खात्री बाळगा.

वेष्टने धुण्याचा अट्टहास मला पटत नाही. चमच्याने निपटलेला डबा पुरेसा असतो, त्यासाठी गरम पाणी खर्च करू नये. मात्र दह्याच्या डब्याचे झाकण पूर्ण सोडवून टाकावे, नाहीतर छाननीच्या यंत्राला दोन्ही पदार्थ वेगळे ओळखता येत नाहीत. पाण्याच्या एकदाच वापरायच्या बाटलीवर 25 सेंट अनामत असते, म्हणून ती पिवळ्यात टाकू नका आणि चेपूही नका. तिच्यावरचा संकेत वाचता आला नाही तर दुकानातले यंत्र ती परत करते. 2024 पासून प्लास्टिकच्या बाटलीतल्या दुधालाही ही अनामत लागू आहे, हे आम्हाला दोन महिने कळलेच नव्हते.

मुळाकाठ:
सर्वांचे मनापासून आभार. काल आजींना भेटून चूक कबूल केली, तेव्हा त्यांनी स्वतःच्या वेळापत्रकाची जुनी प्रत दिली आणि आमच्याकडे डबे रस्त्यावर नेण्याची पाळी कोणत्या आठवड्यात येते, तेही त्यावर लिहून दिले. आता एकच प्रश्न उरला आहे, तो म्हणजे भारतातून आणलेला आणि आता गळका झालेला कुकर.

ताकभात:
कुकर केंद्रावरच्या धातूच्या पिंपात टाका. आतली रबरी रिंग आधी काढून काळ्या डब्यात टाका, आणि निघण्यापूर्वी केंद्राच्या वेळा पाहून घ्या; लहान गावांत ते आठवड्यातून मोजकेच तास उघडे असते.