हत्तीरोगाची पट्टी पॉझिटिव्ह, दिवसाची स्लाइड कोरी

प्रश्न (बडोदा, मकरपुरा): पूर्व उत्तर प्रदेशातून आलेल्या कामगाराची अँटिजेन पट्टी (रक्तातला हत्तीरोगाच्या अळीचा अंश शोधणारी) पॉझिटिव्ह आहे. पायाला सूज नाही, ताप नाही. सकाळी ११च्या रक्ताच्या स्लाइडमध्ये काहीच नाही. पट्टी चुकली का?

उत्तर १: पट्टीला दोष देण्याआधी वेळ तपासा. रक्त ७५ मायक्रोलिटर, वाचन बरोबर १० मिनिटांनी. चहा पिऊन येऊन वाचलं तर उगाच रेघ उमटू शकते. वेळ पाळली असेल तर स्लाइडच अवेळी घेतलीय. वुचेरेरियाची, म्हणजे हत्तीरोगाच्या अळीची, पिल्लं दिवसा फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांत दडतात. क्युलेक्स डास चावायच्या सुमारास, रात्री, बोटाच्या रक्तात येतात. रात्री १० ते २ मध्ये घ्या: २० मायक्रोलिटरच्या तीन रेघा, रात्रभर वाळवा. आधी मेथॅनॉल (रक्त काचेवर पक्कं करणारं अल्कोहोल) लावू नका, नाहीतर हिमोग्लोबिन निघत नाही. साध्या पाण्यात लाली जाईपर्यंत ठेवा, मगच जिम्सा रंग. ओली स्लाइड बुडवली की रेघ सुटून पाण्यात तरंगते, हा नेहमीचाच घोळ.

उत्तर २: रात्रीचीही कोरी आली तरी अळी नाही असं नव्हे. पट्टी प्रौढ अळीचं अँटिजेन पकडते, पिल्लांचं नाही.

प्रश्नकर्ता: मग लक्षणं नसताना डीईसी (हत्तीरोगाची गोळी) द्यायची?

उत्तर १: हो, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. रोज ६ मिग्रॅ प्रतिकिलो, १२ दिवस, जेवणानंतर. गरोदर बाईला आणि दोन वर्षांखालच्या मुलाला नाही. पहिल्या दोन दिवसांत ताप, डोकेदुखी आली तर ती बहुधा मरणाऱ्या पिल्लांमुळे. नेमकं तेव्हाच लोक गोळ्या सोडतात, तेव्हा आधीच सांगून ठेवा. आणि लगेच पट्टी परत करू नका, उपचारानंतर ती कित्येक महिने पॉझिटिव्ह राहते.