दाबाची नथ १२० रुपयांना? घरबसल्या दागिने करणाऱ्यांनी बाजार पाडलाय

तारमोती:
माझं घर दागिन्यांवर चालतं. मोत्याच्या नथी, तन्मणी, चिंचपेट्या, बुगड्या. दुकान नाही, प्रदर्शनं आणि इन्स्टाग्राम. या श्रावणात एका प्रदर्शनात शेजारच्या टेबलावर दाबाची, म्हणजे नाक न टोचता घालायची, नथ १२० ला होती. माझी ३८०. दिवसभर एकच प्रश्न ऐकला, "तिकडे तर एवढ्यात मिळतेय की!"

हिशोब मांडते. तार, मोती, मधला खडा मिळून ७०-८० रुपये. डबी आणि पिशवी १५. एका नथीला दीड तास जातो, कारण मोत्याचं भोक बरेचदा तारेपेक्षा बारीक निघतं, ते कोरून मोठं करताना मोती तडकतो आणि मग त्याच मापाचा, त्याच झाकेचा दुसरा शोधत बसावं लागतं. शेवटी तारेचं टोक आत वळवून नीट दाबलं नाही, तर नाकाला बोचतं आणि नथ परत येते. वर स्टॉलचं भाडं. १२० मध्ये त्या बाईला मजुरी सुटली किती? पंचवीस रुपये?

ती फुकट राबते हा तिचा प्रश्न. पण तिचं फुकट राबणं हाच बाजारभाव होतो, तेव्हा तो माझा प्रश्न होतो. ज्यांचं पोट यावर नाही, त्यांनीही घडणावळ, म्हणजे घडवण्याची मजुरी, लावलीच पाहिजे. बोला.

दुपारचीशिफ्ट:
ती १२० वाली मी नव्हे, पण तिच्याच जातकुळीतली. "पोट यावर नाही" हे तुम्ही कसं ठरवलंत? नथी विकून येतात ते पैसे मला घरात कुणाकडे मागावे लागत नाहीत. थोडे असतील, पण माझे असतात.

आणि ३८० लावायला तुमच्यासारखे फोटो लागतात, ओळखी लागतात. आमच्या सोसायटीत नथ हवी असते गौरीच्या मुखवट्याला, नाहीतर शाळेच्या गॅदरिंगला. एकदा घालायची नि डब्यात टाकायची. त्याला ३८० कोण देणार? तुमचं गिऱ्हाईक वेगळं, माझं वेगळं. माझ्यामुळे तुमची नथ विकली जात नाही हे काही पटत नाही.

गाठवणारा:
आमच्याकडे तीन पिढ्या गाठवण्याचं, म्हणजे दागिन्यांचे मणी दोऱ्यात ओवून बांधायचं काम आहे. मंगळसूत्र, बोरमाळ, मोहनमाळ, गोंडे. तारमोतीताई, दराचं नंतर बघू. आधी हे सांगा, राजकोटचं तयार पेंडंट भुलेश्वरातून घाऊक आणायचं, दोन्ही बाजूंना चार-चार मणी ओवायचे आणि पाटी लावायची 'हॅन्डमेड'. प्रदर्शनातला निम्मा माल हा असतो. त्याला कसली घडणावळ?

बाकी घडणावळीचं दुखणं जुनंच आहे. सोन्याची पोत गाठवायला येणारी बाई सोनाराने टक्क्यात लावलेली घडणावळ मुकाट देऊन आलेली असते. माझ्यापुढे आली की म्हणते, "नुसता दोरा ओवायचे एवढे?" तो दोरा तुटला तर मणी कुठे जातील, हे मात्र तिला चांगलं ठाऊक असतं.

तारमोती:
@गाठवणारा, तयार पेंडंटवाल्यांबद्दल शंभर टक्के मान्य. पण मोती मी पाडत नाही नि तारही ओढत नाही, म्हणून माझं काम हाताचं नाही असं म्हणू नका. शिंपी काय कापड विणतो?

नुसतीगिऱ्हाईक:
तुळशीबागेत १२० पेक्षाही स्वस्त नथ मिळते. तीही कुणीतरी बाईनेच घरी बसून नगावर केलेली असते. म्हणजे भाव पाडला असेल तर तो तिथे पाडलाय, शेजारच्या टेबलावर नव्हे.

मी ३८० देते, देईनही. पण सोन्याला २०२१ पासून हॉलमार्क सक्तीचा झाला, निदान शुद्धता तरी कळते. तुमच्या नथीचा मुलामा दुसऱ्या वर्षी उडाला तर?

तारमोती:
तर आणून द्या. मोती तेच ठेवून तार बदलून देते, पैसे फक्त तारेचे. १२० वाली देते का हे विचारा एकदा.

जमाखर्च:
भांडणात थोडी माहिती घुसडतो. वस्तू विकणाऱ्याला महाराष्ट्रात ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही. राज्याबाहेर माल पाठवला की एरवी लागते, पण हस्तकलेच्या यादीतल्या वस्तूंना त्यात सवलत आहे, आपल्या सीएला विचारून घ्या. १ ऑक्टोबर २०२३ पासून राज्यातल्या राज्यात ऑनलाइन बाजारपेठेवर विकायलाही छोट्यांना नोंदणीची अट राहिलेली नाही, नावनोंदणी क्रमांक घेतला की झालं.

पीएम विश्वकर्मा या कारागिरांसाठीच्या केंद्राच्या योजनेत मात्र तुमचं काम बसणं कठीण. १८ व्यवसायांत सोनार आहे, माळा करणारे आहेत ते फुलांचे. मोती ओवणारं कुणी नाही. पाच टक्क्यांनी आधी एक लाख, मग दोन लाख कर्ज मिळतं, ते सोनाराला.

गाठवणारा:
वा! म्हणजे सरकारलाही वाटतं, नुसता दोराच ओवायचाय.

दुपारचीशिफ्ट:
तारमोती, एक विचारते. गौरी-गणपतीत तुमच्याकडे ऑर्डरी साचत असतील. सगळ्या नथी एकट्या करता?

तारमोती:
नाही, दोघी येतात मदतीला. साच्यावर शिकवलंय मी त्यांना. नगाला ६० देते.

दुपारचीशिफ्ट:
दीड तासाचे ६०, म्हणजे तासाला ४०. आणि बाजार मी पाडते!

तारमोती:
सरावलेल्या हाताला दीड तास लागत नाही. शिवाय न विकलेली नथ माझ्या अंगावर पडते, त्यांच्या नाही. डिझाइन माझं, मोती मी निवडते, तक्रार आली तर फोन मला.

दुपारचीशिफ्ट:
मग वरच्या हिशोबात सरावलेल्या हाताचा वेळ लिहायचा होता. ३८० पटवताना दीड तास, आणि ६० देताना सराव?

नुसतीगिऱ्हाईक:
मुलाम्याच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं, आभार. या दुसऱ्या उत्तराची वाट बघतेय.